गजाची थरथर आणि एक गोळी

प्रोप्रानोलॉल हे मुळात हृदयविकारावरचे औषध. ते अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम रोखते. छातीतली धडधड उतरते आणि व्हायोलिनच्या लांब, संथ स्वरावर गज थरथरत नाही. अमेरिकेतील वाद्यवृंदांच्या १९८७ च्या पाहणीत २७ टक्के वादकांनी अशा प्रकारची औषधे घेतल्याचे सांगितले, त्यातही बऱ्याच जणांनी डॉक्टरांना न विचारता. नेमबाजीत त्यावर बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू यांची दोन पदके त्यापायी गेली. पण मैफल म्हणजे नेमबाजी नव्हे. रियाजात न बसलेला सूर गोळीने बसत नाही, म्हणून मी याला फसवणूक म्हणणार नाही. मात्र सहवादकाने विंगेत हातावर ठेवलेली गोळी कधीही घेऊ नका. दमा असेल तर ती जिवावर बेतू शकते.