बोअरचं पाणी जड आहे, सॉफ्टनर घ्यावा का? पैसे मोजण्याआधी एवढं तपासा

बोअरला पाणी लागलं की घरात आनंद होतो. पण महिना-दोन महिन्यांत बादलीवर पांढरा थर धरतो, नळाच्या तोंडाशी खडे जमतात, साबणाला फेस येत नाही आणि कुकरच्या सात-आठ शिट्ट्या होऊनही तूरडाळ गोटा राहते. गिझरची कॉइल पुन्हा पुन्हा जळते. अशात गावोगाव सॉफ्टनर विकणारे फिरू लागलेत. "मशीन बसवा, पाणी एकदम गोड होईल," असं ते सांगतात. सॉफ्टनर कामाची वस्तू आहे, पण प्रत्येक घरासाठी नाही. चुकीच्या पाण्यावर बसवला तर पैसे वाया जातात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

पाणी जड होतं कशामुळे?

पावसाचं पाणी हलकं असतं. ते जमिनीत मुरून खडकातून जाताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं. हेच जड पाणी. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हटलंय. साबण आधी या कॅल्शियमशी जुळतो आणि त्याचा साका होतो, म्हणून फेस येत नाही. डाळीच्या दाण्यालाही कॅल्शियम घट्ट धरून ठेवतं, म्हणून ती लवकर शिजत नाही. पाणी तापलं की यातला काही भाग चुन्यासारखा खाली बसतो. तोच थर कॉइलवर चढतो, कॉइलची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, वीज जास्त लागते आणि शेवटी कॉइल जळते.

जड, खारं आणि दूषित या तीन वेगळ्या गोष्टी

इथेच बहुतेकांची गफलत होते. जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं. खाऱ्या पाण्यात मीठ जास्त असतं. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात हेच दुखणं आहे. काही पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट असतं. ते चवीला कळत नाही, पण आरोग्याला घातक असतं.

सॉफ्टनर फक्त पहिल्यावर चालतो. खारं पाणी त्याने गोड होत नाही. फ्लोराइड, नायट्रेट जात नाही. जंतू मरत नाहीत. म्हणून "सॉफ्टनर बसवला, आता पाणी प्यायला चांगलं झालं" असं समजणं धोक्याचं आहे.

जड पाणी प्यायल्याने मुतखडा होतोच, असं पक्कं सिद्ध झालेलं नाही. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाने पाणी कमी पिणं हे मुतखड्याचं मोठं कारण आहे.

आधी तपासणी, मग खरेदी

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतं. नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि त्यात सूट नाही. फ्लोराइड १ पर्यंत असावं, नाइलाजाने १.५.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. गावच्या जलसुरक्षकाला किंवा ग्रामसेवकाला विचारलं तर नमुना कुठे, कसा द्यायचा ते कळतं. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना तपासणी किट वापरायला शिकवलेलं आहे, त्यांच्याकडेही चौकशी करावी. नमुन्याची बाटली स्वच्छ असावी, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी आणि बोअर थोडा वेळ चालू ठेवून मग भरावी. रिपोर्टमध्ये जडपणा, टीडीएस, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट आणि लोह एवढं तरी हवं.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचं किंवा आरओचं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हीत सारखाच साबणाचा किस टाकून हलवा. दुसरीत फेस न येता दुधाळ साका झाला तर पाणी जड आहे. वॉशिंग पावडरने हा फरक नीट दिसत नाही, साबणच वापरा.

मीटर आणि सळयांचा खेळ

विक्रेता टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो. तो मीटर एकूण क्षार सांगतो, जडपणा वेगळा सांगत नाही. सॉफ्टनरमधून निघालेल्या पाण्याचा टीडीएसही जवळपास तेवढाच राहतो.

दुसरा प्रकार म्हणजे विजेच्या दोन सळया पाण्यात बुडवून ते काळपट करून दाखवणं. तो रंग सळईच्या लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी म्हणून वीज नीट वाहत नाही आणि रंग येत नाही. त्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग परत करायला सांगा, तेही काळं होईल.

मिठाचा हिशोब

सॉफ्टनरमध्ये रेझिनचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतात आणि बदल्यात पाण्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात. म्हणजे मशीन घेतलं आणि झालं, असं नाही.

समजा चार-पाच माणसांचं घर रोज ५०० लिटर पाणी वापरतं आणि जडपणा ६०० आहे. अशा घरात महिन्याला साधारण २० किलो मीठ लागतं. प्रत्येक धुण्याला पाणीही जातं. पाण्यात लोह जास्त असेल तर रेझिन लवकर खराब होतं.

पाण्यातला १०० मिलिग्रॅम जडपणा काढला की सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. ६०० चा जडपणा काढला तर लिटरमागे २७५ च्या आसपास. दिवसाला तीन लिटर पाणी पिणाऱ्याच्या पोटात त्यातून दोन ग्रॅम मिठाएवढं सोडियम जातं. बीपी किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी हे पाणी पिऊ नये. स्वयंपाकघराचा आणि पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढावा.

हे पाणी शेतात सोडू नका

रेझिन धुतलेलं खारट पाणी परसात, विहिरीजवळ किंवा वावरात सोडू नये. सोडियमने काळी जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही आणि पीक बसतं. शोषखड्डा विहिरीजवळ असेल तर तेच मीठ विहिरीत उतरतं. हे पाणी कुठे जाणार हे ठरत नसेल तर मशीन न घेतलेलंच बरं.

मशीनशिवाय काय करता येतं?

- डाळीसाठी पावसाचं, तळ्याचं किंवा आरओचं पाणी वापरा. तेही नसेल तर पाणी उकळून, निवळून घ्या. चिमूटभर खाण्याच्या सोड्यानेही डाळ मऊ होते.
- कपडे भिजवण्याच्या पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाका, साबण कमी लागतो.
- भांडी, नळ, शॉवरवरचा थर लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्याने निघतो. गिझरची कॉइल मेकॅनिककडून वेळेवर साफ करून घ्या आणि तापमान कमी ठेवा.
- तुरटीने गाळ बसतो, जडपणा जात नाही.
- छतावरचं पाणी साठवा. ५०० चौरस फुटांच्या छतावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर २० हजार लिटरच्या वर पाणी मिळतं. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या. ५ हजार लिटरची झाकलेली टाकी रोज २० लिटरने आठ महिने पुरते. पिण्याआधी मात्र गाळून, उकळून घ्या.

मग सॉफ्टनर कोणी घ्यावा?

जडपणा २०० च्या आत असेल तर गरज नाही. ४०० पर्यंत वरच्या उपायांवर भागतं. त्याच्या वर असेल, घरात सोलर किंवा गिझर वारंवार बिघडत असेल आणि मिठाच्या पाण्याची सोय असेल, तर फक्त अंघोळीच्या आणि धुण्याच्या लाइनवर छोटा सॉफ्टनर परवडू शकतो. रिपोर्टमध्ये क्लोराइड, फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त आलं तर सॉफ्टनरचा विचार सोडा. पिण्यापुरतं आरओचं किंवा दुसऱ्या चांगल्या स्रोताचं पाणी घ्या.

घ्यायचंच ठरलं तर विक्रेत्याला चार प्रश्न विचारा आणि उत्तरं बिलावर लिहून घ्या: रेझिन किती लिटर? आपल्या रिपोर्टच्या जडपण्याला किती लिटर पाण्यानंतर धुवायचं? दर वेळी मीठ किती? बिघडलं तर तालुक्यात दुरुस्तीला कोण येणार? रिपोर्ट न बघताच मशीन सुचवणाऱ्याला ॲडव्हान्स देऊ नका.