फक्कीचे पैसे

स्पर्धेच्या आठवड्यात मी पहाटे साडेपाचला मैदानावर फक्की मारायला जायचो. सहाला मुलं यायच्या आत लेन आखलेल्या असाव्या लागतात. एकतीस वर्षं शाळेत खेळ शिकवला; फक्कीचं पोतं बहुतेक वेळा स्वतःच विकत आणलं.

आठशे मीटर धावणारी एक मुलगी होती. विभागीय स्पर्धेला तिने मैत्रिणीचे स्पाइक्स घातले, एक नंबर मोठे. पुढे कापूस कोंबला होता. शेवटच्या वळणावर टाच सुटली आणि ती चौथी आली. दहावीनंतर तिचा खेळ सुटला.

सरकारकडे पैसा नाही असं नाही. 2025-26च्या केंद्रीय अर्थसंकल्पात युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाला सुमारे 3,794 कोटी रुपये मिळाले. त्यातले 1,000 कोटी ‘खेलो इंडिया’ला, 400 कोटी राष्ट्रीय क्रीडा महासंघांना. ऑलिंपिकच्या तयारीसाठी 2014 पासून ‘टॉप्स’ योजना आहे. तिच्या मुख्य गटातल्या खेळाडूला महिन्याला 50,000 रुपये भत्ता मिळतो. ‘खेलो इंडिया’त निवडलेल्या मुलाला महिन्याला 10,000. हे चांगलंच आहे. पण हे भत्ते निवड झाल्यावर हाती येतात. तिथवर पोहोचायचा खर्च आईबापांचा, नाहीतर मास्तरांचा.

कुस्तीगीर खाशाबा जाधवांना 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकला जायला लोकांनी वर्गणी काढली, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. तिथे त्यांनी पदक जिंकलं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळायला 72 वर्षं लागली. ते आणणारा कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे 2009 साली राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला होता. पुढे रेल्वेची नोकरी मिळाली. पॅरिस ऑलिंपिकनंतर राज्याने त्याला एक कोटी जाहीर केले आणि ते त्याच्या हक्काचेच. मला मात्र त्याआधीची पंधरा वर्षं जास्त मोलाची वाटतात. लहान वयात वसतिगृह, जेवण आणि शिकवणारा माणूस मिळाला, म्हणून तो टिकला.

पदक देणाऱ्या खेळालाच पैसा द्या, असं म्हणणारेही आहेत. ब्रिटनने ते करून पाहिलं. 1996 साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्यांना एकच सुवर्ण मिळालं. मग लॉटरीचा पैसा पदकाची आशा असलेल्या खेळांकडे वळवला. 2016 साली रिओत 67 पदकं आली. त्याच रिओत बॅडमिंटनने कांस्य जिंकलं, तरी डिसेंबरात त्याचा निधी बंद झाला. हा हिशोब आपण लावला तर खो-खोला छदामही मिळणार नाही, आणि माझ्या शाळेतली निम्मी पोरं खो-खोतूनच धावायला शिकली.

मला विचाराल तर आधी तालुक्याचा चालू खर्च बाजूला काढावा. क्रीडा संकुलाच्या बांधकामाला निधी येतो. मुरमावर पाणी मारणाऱ्याच्या पगाराला येत नाही, आणि दोन उन्हाळ्यांत ट्रॅक उखडतो. दर तालुक्याला पूर्ण पगाराचा एक प्रशिक्षक, मैदानाला एक माणूस आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना बूट, प्रवास, दूध. त्यातून उरेल ते वर जाऊ द्या.

त्या मुलीच्या मापाचे स्पाइक्स तेव्हा साडेअकराशेला होते. मी दुकानात भाव विचारून परत फिरलो होतो, कारण त्या महिन्यात दोन मुलांचं एस.टी.चं भाडं आधीच भरून बसलो होतो.