गोठलेला व्हिम

लिनक्सवाल्या मित्रमैत्रिणींचा ठरलेला फोन असतो: "अगं, व्हिम गोठला, काही टाइपच होत नाही!" मी विचारते, कंट्रोल-एस दाबलंस का? विंडोजच्या सवयीने फाइल सेव्ह करायला दाबलेलं असतंच. व्हिम हा टेक्स्ट एडिटर धडधाकट असतो. व्हिमच्या जुन्या आवृत्त्यांत टर्मिनलला मात्र त्या कळांचा अर्थ 'थांब' असा कळतो, ही टेलिटाइप यंत्रांच्या जमान्यातली रीत. कंट्रोल-क्यू दाबा, गाडी रुळावर. मधल्या वेळात रागाने बडवलेल्या कळाही तेव्हा एकदम लागू होतात, म्हणून हात आवरा.

ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये आणलेला हा एडिटर होम फोल्डरमधल्या 'डॉट व्हिमआरसी' फाइलवरून आपल्या आवडीनिवडी वाचतो. त्यात 'सेट नंबर' लिहिलं की ओळींना क्रमांक येतात. बिघाड झाला तर ती फाइल बाजूला ठेवून व्हिम उघडा. दुखणं गेलं, तर दोष बहुधा तिच्यातच. मग निम्म्या ओळींपुढे दुहेरी अवतरणचिन्ह टाकून त्या निष्क्रिय करा; असं अर्धं-अर्धं करत दोषी ओळ सापडते. म्हणूनच दुसऱ्याची लांबलचक फाइल आयती उचलणं मला पटत नाही.

आणखी एक कारण: मराठी लिहून झाल्यावरही कीबोर्ड देवनागरीत राहिला, तर आज्ञांच्या जागी अक्षरं पोहोचतात आणि व्हिम ढिम्म. लिहिणं थांबवायला एस्केप दाबलं की आधी इंग्रजी कीबोर्डवर या.