झहीरचे 60 रन आणि तुमचा गल्ला



"सर, कोडिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: क्रिकेटपासून करा.

आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचंच घ्या. 2 एप्रिल 2011, वानखेडे, वर्ल्ड कपची फायनल. स्कोअरकार्ड म्हणतं: 10 ओव्हर, 60 रन, 2 विकेट. वाटतं, मार खाल्ला. आता जरा उलगडून बघा. पहिल्या 5 ओव्हरमध्ये 3 मेडन, फक्त 6 रन आणि 1 विकेट. उरलेल्या 5 मध्ये 54 रन! एकूण बेरजेत हे दिसतच नाही.

बेसबॉलवाल्यांनी हे आपल्या आधी ओळखलं. अमेरिकेत बिल जेम्स नावाचा माणूस कारखान्यात रात्रपाळीला वॉचमन होता. बेसबॉलचे आकडे मांडत बसायचा. 1977 मध्ये त्याने स्वतःच पुस्तिका छापली. पुढे आकड्यांवरून खेळाडू निवडणाऱ्या ऑकलंडच्या कमी बजेटच्या टीमने 2002 मध्ये सलग 20 मॅच जिंकल्या.

आता माझी चूक सांगतो. मध्यंतरी दुकानाचा महिन्याचा गल्ला घसरला. मी दोष दिला काउंटरवरच्या मुलाला. त्याला कामावरून काढायचं, इथपर्यंत ठरलं होतं. तेव्हा मी क्रिकेटचा डेटा घेऊन पायथनचा सराव करत होतो. म्हटलं, ओव्हरच्या जागी तास टाकून बघू. तीन महिन्यांची बिलं एक्सेलमध्ये काढली आणि तासाप्रमाणे बेरीज केली. दिवसभराची विक्री जशीच्या तशी. घट फक्त संध्याकाळी 5 ते 8 मध्ये.

डेटाने 'कधी' ते सांगितलं. 'का' ते दोन दिवस काउंटरला उभं राहिल्यावर कळलं. ऐन गर्दीत मुलगा एकटा, आणि मी वरच्या खोलीत व्हिडिओ शूट करत! माल काढायचा की बिल करायचं? गिऱ्हाईक परत जात होतं. आता शूटिंग दुपारी असतं, आणि मुलगा आजही कामावर आहे.

तुम्ही असं करा:

1. क्रिकशीट या साइटवर मॅचचा बॉल-टू-बॉल डेटा फुकट मिळतो. एक सीएसव्ही फाइल उतरवा.
2. गूगल कोलॅब उघडा. पायथन ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल करायची गरज नाही.
3. पांडाज लायब्ररीतली 'ग्रुपबाय' ही एकच कमांड आधी शिका. काम सोपं: गट पाडायचे, बेरीज करायची. प्रत्येक ओव्हरचे रन काढा.
4. हात बसला की तीच कमांड स्वतःच्या बिलांवर चालवा: तास, वार, माल.

बिलं लिहून ठेवत नसाल, तर कोडिंग राहू द्या. आधी आजपासून प्रत्येक बिलावर वेळ टाका. आणि कुणाला कामावरून काढण्याआधी एकदा बेरीज फोडून बघा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!