हाडांचे पेव वेळेत भरा



संकरित गाय किंवा दुभती म्हैस व्याल्यानंतर एक-दोन दिवसांत एकदम बसली, मान पोटाकडे वळवून पडून राहिली, कान गार पडले, की आपण लगेच ओळखतो : दुग्धज्वर झाला. जनावरांचे डॉक्टर शिरेतून कॅल्शियम देतात आणि बहुतेक वेळा थोड्याच वेळात जनावर उठून उभे राहते. चिकातून आणि दुधातून एकदम भरपूर कॅल्शियम निघून जाते, तेवढ्या वेगाने ते हाडांतून रक्तात येत नाही, म्हणून असे होते.

जनावराची ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. घरातल्या बाईच्या शरीरातही कॅल्शियमची देवघेव जन्मभर चालू असते. तिची हाडे हळूहळू रिकामी होतात, तिकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. कारण ती गाईसारखी एका दिवसात बसत नाही. पन्नाशी-साठीत अंगणात पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते, तेव्हा कुठे कळते.

हाड हे पेव आहे

पूर्वी आपल्या भागात ज्वारी पेवात ठेवत. सुगीत भरायची, टंचाईत काढायची. हाडांचेही तसेच आहे. हाड हा काही मेलेला दगड नव्हे. त्यात रोज जुना भाग काढला जातो आणि नवा भरला जातो. साधारण तिशीपर्यंत भर जास्त पडते, पुढे काढणी वाढत जाते. भरलेले पेव म्हातारपणापर्यंत पुरते. अर्धे भरलेले आधीच तळाला लागते. हाडे अशी आतून विरळ आणि ठिसूळ झाली की त्या रोगाला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात.

या पेवावर दोन राखणदार आहेत. त्यांना संप्रेरके, म्हणजे हार्मोन, म्हणतात. पहिल्याचा कारखाना गळ्यात, गलग्रंथीच्या मागे असतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम कमी पडले की त्यांचा रस सुटतो आणि हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणतो. हृदय आणि स्नायू चालण्यासाठी ते लागतेच. जेवणात कॅल्शियम नसेल तर ही काढणी रोज होते.

दुसरे संप्रेरक स्त्रीच्या बीजकोषात तयार होते. त्याचे नाव इस्ट्रोजेन. ते पेवाचे तोंड धरून बसते, जास्त काढू देत नाही. पाळी कायमची गेली की ते एकदम कमी होते. आपल्याकडे पाळी साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते, पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा काही वर्षे आधी. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. काही बायकांच्या हाडांचा पाचवा हिस्सासुद्धा या काळात जातो.

पिशवी काढण्याआधी विचारा

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर. दर हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांत बीडकडची कुटुंबे पुष्कळ. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांवर बायकांची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. त्यांत ऐन उमेदीच्या वयातल्याही अनेक होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, मुकादमाचा दंड बसू नये, हे त्यामागचे एक कारण पुढे आले.

हाडांच्या दृष्टीने यात काय होते, ते नीट समजून घ्या. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोष काढले, तर पंचेचाळिशीनंतर यायची अवस्था तिशीतच येते. पेवाचा राखणदार एका दिवसात जातो. बीजकोष ठेवले, तरीही ते काही वर्षे आधी थकू शकतात.

कधीकधी ऑपरेशन खरोखरच गरजेचे असते. तेव्हा ते टाळू नये. पण अंगावरून पांढरे जाणे, कंबर दुखणे, पाळीत जास्त रक्त जाणे यांवर बहुतेक वेळा औषधांनी उपाय होतो. म्हणून दोन प्रश्न विचाराच : "औषधाने भागणार नाही का?" आणि "बीजकोष ठेवता येतील का?" सरकारी दवाखान्यात दुसरा सल्ला घ्या. ज्यांचे ऑपरेशन आधीच झाले आहे, त्यांनी घाबरू नये. आपल्या कागदांवर बीजकोष काढल्याची नोंद आहे का, ते बघा आणि डॉक्टरांना दाखवून हाडांबद्दल विचारा.

पोटातल्या बाळापासून सुरुवात

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. त्या शेतकरी घरांतल्याच होत्या. पुढे त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर मुलांची हाडे मोजली. 2006 साली निष्कर्ष छापून आले. गरोदरपणात दूध, डाळी, पालेभाज्या, फळे असे कॅल्शियमचे पदार्थ ज्यांच्या खाण्यात वरचेवर होते, त्यांच्या मुलांची हाडे जास्त भरीव निघाली. म्हणजे पेव भरायला आईच्या पोटातच सुरुवात होते.

आपल्या ताटात काय कमी आहे?

आपली मालदांडी ज्वारी पौष्टिक खरीच, भाकरी सोडू नका. पण तीन भाकऱ्यांच्या, म्हणजे सुमारे 300 ग्रॅम पिठात शंभर मिलीग्रॅमही कॅल्शियम नसते. मोठ्या माणसाला रोज 1000 मिलीग्रॅम हवे, पाळी गेलेल्या बाईला 1200. शेंगाचटणीने ही तूट भरत नाही. आणि दूध? ते डेअरीला जाते. घरात चहापुरते उरते, आणि तो चहाही बाई सर्वांच्या शेवटी पिते.

म्हणून असे करून बघा. रोज एक पेला दूध घरातल्या बाईसाठी बाजूला काढा, त्यातून सुमारे 240 मिलीग्रॅम मिळते. दुपारी वाटीभर दही घ्या, दोनशेच्या आसपास पडेल. बांधावर शेवगा लावा. त्याचा ओंजळभर, म्हणजे 50 ग्रॅम कोवळा पाला भाजीत किंवा पिठल्यात घातला तर दीडशे. दोन मोठे चमचे तिळाची चटणी घेतली तर आणखी साधारण तेवढेच. हुलग्याची शेंगोळी किंवा माडगे केले तर शंभराच्या आसपास. भाकरी धरून बेरीज हजाराच्या जवळ जाते. रब्बीत हरभऱ्याची भाजी, एरवी कारळाची चटणी आहेच. पालक खा, पण त्यातले कॅल्शियम अंगी फारसे लागत नाही.

ऊन आणि काम

पोटात गेलेले कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते. ते कातडीवर ऊन पडले की तयार होते. शेतात बाई दिवसभर उन्हात असते खरी, पण साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला फडके असते. विड्या वळणारी तर घराबाहेरच पडत नाही. सावली आपल्यापेक्षा आखूड असते त्या वेळचे ऊन उपयोगाचे. हात कोपरापर्यंत उघडे ठेवून वीस-तीस मिनिटे पुरतात. कडक उन्हाळ्यात अकराच्या आतच उरका.

चालणे, ओझे उचलणे यांनी हाड बळकट होते. पण पोटभर अन्न नसताना केलेल्या कष्टाने शरीर उलट झिजते. विडी-तंबाखू आणि दारू हाडांच्या वैरी आहेत.

लक्षात ठेवा

1. उंची कमी झाली, पाठीला बाक आला, किंवा साध्या पडण्याने मनगट मोडले, तर ते वयावर ढकलू नका. डॉक्टरांना दाखवा. हाडांची घनता मोजण्याची डेक्सा तपासणी असते आणि रोगावर औषधे आहेत.

2. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत रोज कॅल्शियमच्या दोन गोळ्या घ्यायच्या असतात. आशाताईंकडे चौकशी करा. लोहाची गोळी आणि ही गोळी एकत्र घेऊ नका, दोन तासांचे अंतर ठेवा.

3. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय कॅल्शियमच्या गोळ्या घेऊ नका.

4. मुलीच्या वाढीचे वय हेच पेव भरायचे वय. दूध मुलाला आणि मुलीला सारखेच द्या.

बंधूंनो, दुभत्या जनावराला खनिज मिश्रण न चुकता देता, फार चांगले करता. उद्या सकाळी डेअरीला दूध घालण्याआधी घरातला पेला भरा. आणि हे पत्रक घरात सर्वांना वाचून दाखवा.