सुवाह्य संगणकातील वीजस्रोत आणि दोषनिवारण

पोथीची संहिता सुवाह्य संगणकावर उतरविताना वीज क्षणमात्र खंडित झाली, तरी न साठविलेली पाने नष्ट होतात. यावर उपाय म्हणून एकाहून अधिक वीजस्रोत योजले जातात. २०१३ मधील थिंकपॅड टी-४४०-एस या संगणकात अडॅप्टरखेरीज दोन बॅटऱ्या होत्या. अडॅप्टर नसता आधी मागची, काढता येणारी बॅटरी खर्ची पडे. ती बदलेपर्यंत आतली बॅटरी काम चालू ठेवी.

परंतु अशा व्यवस्थेचे मर्म स्रोतांच्या संख्येत नसून त्यांना जोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांत असते. एका स्रोताचा दाब ढळताच दुसऱ्याने भार उचलला पाहिजे, आणि निर्दोष स्रोताची वीज सदोष स्रोताकडे उलट वाहता कामा नये. म्हणून दोष शोधताना काम प्रथम साठवावे व एकेक स्रोत स्वतंत्रपणे पारखावा. एखाद्या स्रोतावर संगणक चालत नसेल, तर संशय त्या स्रोतावर वा त्याच्या मार्गावर जातो. प्रत्येक स्रोतावर तो सुरळीत चालतो, मात्र पालट होताना बंद पडतो, असे आढळल्यास दोष बहुधा स्विचांत असतो. तेथे बॅटरी बदलून काही साधत नाही. फुगलेली बॅटरी मात्र पारखण्याच्या भरीस न पडता तत्काळ वापरातून काढावी.