जाहीरनाम्याचा जमाखर्च मांडा, मग मत द्या

महानगरपालिकेची निवडणूक आली की वस्तीत रिक्षा फिरतात, भोंगे वाजतात आणि घरोघरी कागद येऊन पडतात. एकाचा जाहीरनामा, दुसऱ्याचा वचननामा, तिसऱ्याचा संकल्पनामा. आत मजकूर बहुधा एकच : रोज पाणी, पक्के रस्ते, प्रत्येकाला घरकुल. मतदान संपले की तोच कागद डब्याखाली अंथरला जातो. आमचे म्हणणे असे की, हा कागद रेशनकार्डासारखा जपून ठेवावा.

कागदावरच्या शब्दाची किंमत आपल्या समाजाइतकी कोणाला ठाऊक असणार? १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तरीही आपल्या माणसांना तेथे ओंजळभर पाणी घेता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागेही घेतला! पालिकेत कोण बसतो आणि दिलेला शब्द पाळतो की नाही, यावर आपले पाणी ठरते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

महापौर कोण निवडतो?

नगरपरिषदेचा नगराध्यक्ष जनता थेट निवडते. महापौराचे तसे नाही. त्याला नगरसेवक निवडतात, तेही अडीच वर्षांसाठी. पदाचे आरक्षण सोडतीने ठरते. म्हणून "महापौर आमचाच" या घोषणेवर मत देणे म्हणजे न पाहिलेल्या मालाचे पैसे आधी देणे होय.

लातूरचेच पाहा. २०१७ साली ७० पैकी ३६ जागा भाजपला आणि ३३ काँग्रेसला मिळाल्या. महापौर भाजपचा झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये भाजपची मते फुटली आणि काँग्रेसचे विक्रांत गोजमगुंडे महापौर झाले. मधल्या काळात मतदाराला कोणी विचारले नव्हते. नांदेडला २०१७ साली ८१ पैकी ७३ जागा काँग्रेसला मिळाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले आणि अनेक माजी नगरसेवक त्यांच्या मागे गेले. माणसे पक्ष बदलतात. छापलेला कागद मात्र बदलत नाही. म्हणून हिशेब त्या कागदाचा मागावा.

तीन प्रश्न, तीन रकाने

प्रत्येक आश्वासनापुढे तीन प्रश्न लिहा. हे काम पालिकेच्या अधिकारात आहे काय? पैसा कोठून येणार? केव्हा पूर्ण होणार?

पाणी घ्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आले. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. हंडा घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माता-भगिनींना "रोज पाणी देऊ" हे तीन शब्द पुरेसे नाहीत. गळती कशी थांबवणार, आपल्या वस्तीत जलवाहिनी कोणत्या वर्षी येणार, पाणीपट्टी किती वाढणार, हे जो लिहितो त्याचा कागद जड समजावा.

घरकुलाचेही तसेच. रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे, पण जागा स्वतःच्या नावावर नसेल तर अर्ज अडतो. म्हणून "सर्वांना घरे" म्हणणाऱ्यापेक्षा "वस्तीची मोजणी करून जागा नावावर करून देऊ" म्हणणारा कामाचे बोलतो.

आपली कितीतरी भावंडे झाडू हातात घेऊन पहाटे शहर साफ करतात. ठेकेदारी, किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसांना नोकरी, यांवर कोणत्या कागदात एक ओळ तरी आहे? बाबासाहेबांच्या स्मारकाचे आश्वासन सर्वच देतात. त्याच्याशेजारी अभ्यासिका होईल काय, पुस्तके कोण घेणार आणि विजेचे बिल कोण भरणार, हेही विचारावे.

अंदाजपत्रक पाहा

अंमलबजावणी आयुक्तांच्या हाती असते. अंदाजपत्रक आयुक्त तयार करतात, ते आधी स्थायी समितीपुढे आणि मग सर्वसाधारण सभेपुढे जाते. जाहीरनाम्यातील जे काम अंदाजपत्रकात नाही, ते त्या वर्षी होण्याची आशा कमीच. मागासवर्गीय कल्याण आणि महिला-बालकल्याण यांचा निधी खर्च झाला की तसाच पडून राहिला, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. त्यासाठी २००५ चा कायदा आहे.

२०२२ साली दोन्ही पालिकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत प्रशासकाचा कारभार चालला. जाब विचारायला वॉर्डात नगरसेवकच नव्हता. इतक्या वर्षांनी मिळालेले मत एका पाकिटावर किंवा एका जेवणावर सोडून द्यायचे काय?

कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. तो निवडणुकीलाही लागू आहे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर सर्व पक्षांचे कागद पुढे ठेवा. कॉलेजात जाणाऱ्या लेकीला तीन रकाने आखायला सांगा. आजीलाही तिचे मत विचारा, कारण नळाला पाणी कधी येते हे तिच्याइतके कोणाला माहीत नसते. प्रभागात एकाहून अधिक मते द्यायची असतात, तेव्हा प्रत्येक मतासाठी वेगळा विचार करा. निवडणुकीनंतर तो तक्ता विहाराच्या भिंतीवर लावा आणि दरवर्षी त्यावर खुणा करा. पाच वर्षांनी मत मागायला येणाऱ्याला आधी त्या भिंतीसमोर उभे करा.

जय भीम!